चटईक्षेत्राबाहेरची जागा

मुंबईत घर मोजतात ते चटईक्षेत्राने. भिंतींच्या आत जेवढी चटई अंथरता येईल, तेवढे घर. मूळ इंग्रजी संज्ञेत गालिचा आहे. मराठीत आणताना कुणा जाणकाराने त्याची चटई केली आणि शब्द या शहराला चपखल बसला. कारण इथल्या बहुसंख्य घरांत गालिचा कधी नव्हता, चटई होती. आणि त्या चटईवर माणसे नुसती झोपली नाहीत. तिच्यावर कापड बेतले गेले, पापड लाटले गेले, खाणावळीच्या पंगती बसल्या, मॅट्रिकचे अभ्यास झाले. एका खोलीत राहायचे आणि तिथेच कमवायचे किंवा शिकायचे, हा मुंबईकराचा सव्वाशे वर्षांचा उद्योग आहे.

२०२०च्या टाळेबंदीनंतर ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग मध्यमवर्गीय घरांत रुळला आणि लहान घरात कामाची जागा कशी करावी याचे सल्लेही रुळले. घडीचे टेबल घ्या, खिडकीजवळचा कोपरा निवडा, भिंतीला फळ्या ठोका. सल्ले वाईट नाहीत. पण घरात एखादा कोपरा मोकळा आहे, हे त्यांत गृहीत धरलेले असते. सहा माणसे आणि एक खोली असेल तिथे मोकळा कोपरा नसतो. अशा घरांनी काम कसे केले, याचा माग मी काही वर्षे घेतो आहे. चरित्रे, संस्थांचे इतिहास, गृहनिर्माणाचे नियम आणि परळपासून माहुलपर्यंतच्या इमारतींमधल्या फेऱ्या, ही माझी साधने. त्यांतून हाती लागले ते थोडक्यात असे: लहान घराने कामाची जागा तीन ठिकाणांहून काढली. घड्याळातून, छतातून आणि उंबऱ्याबाहेरून. यांतली तिसरी जागा सर्वांत मोठी होती, आणि नेमकी तीच चटईक्षेत्रात धरली जात नाही. माहुलच्या इमारतींत याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. पण तिथे पोचण्याआधी थोडे मागे जायला हवे.

घड्याळातून काढलेली जागा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रामजी सकपाळ कुटुंब घेऊन मुंबईत आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. धाकटा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात होता. धनंजय कीर यांनी आंबेडकरांच्या चरित्रात या खोलीची हकिगत नोंदवली आहे. भांडीकुंडी आणि धुराने भरलेली ती एकच खोली. उशाशी जाते, पायाशी शेळी. बाप-लेकांना एकाच वेळी नीट झोपता येईल एवढी जागा नव्हती. रामजींनी त्यावर उपाय काढला. मुलाला लवकर झोपवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्याच जागी आपण अंग टाकायचे. त्यानंतर मुलगा रॉकेलच्या दिव्याजवळ पहाटेपर्यंत वाचत बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला.

ही हकिगत आपण जिद्दीची कथा म्हणून सांगतो, आणि ती आहेही. पण तिच्यात एक पद्धतही आहे. रामजींनी जागा वाढवली नाही, वेळेने तिचे दोन भाग केले. तीच हाताएवढी जमीन पहिल्या प्रहरात अंथरूण आणि शेवटच्या प्रहरात अभ्यासिका झाली. किंमत चुकवली ती बापाच्या झोपेने.

गिरणगावात हीच पद्धत हजारो खोल्यांत चालू होती. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे पुरुष गावमंडळाच्या खोलीत दाटीने राहत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. गिरण्या पाळ्यांत चालत, म्हणून खोलीही पाळ्यांत चालत असे. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याची जागा त्याला मिळे. या माणसांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचे घड्याळ त्याहून कठीण होते. एकाच खोलीत संसार आणि त्याच खोलीत पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक. पंगती पाळीपाळीने बसत, भोंग्याच्या आत डबे भरावे लागत. पोरांचा अभ्यास आणि घरातले आजारपण या दोन पंगतींच्या मधल्या फटीत बसवायचे. घड्याळातून काढलेली जागा फुकट मिळत नाही. ती घरातल्या कुणाच्या तरी झोपेतून कापलेली असते, आणि बहुतेक घरांत ती बाईच्या झोपेतून कापली गेली.

छतातून काढलेली जागा

दुसरी जागा उंचीची. फ्रान्समध्ये ल्यों शहरात एकोणिसाव्या शतकात रेशीम विणकरांसाठी क्रवा-रूस टेकडीवर जी घरे बांधली गेली, त्यांची छते सुमारे चार मीटर उंच होती. कारण जॅकार्डचा नवा माग उंच होता. माग खाली, आणि विणकराच्या कुटुंबाची झोपायची जागा मध्ये ठोकलेल्या लाकडी माळ्यावर. तिथे घराचे माप माणसावरून ठरले नाही, हत्यारावरून ठरले.

आपल्याकडे याला पोटमाळा हा सुंदर शब्द आहे. जुन्या चाळींच्या उंच खोल्यांत पोटमाळ्याने एका खोलीच्या दीड खोल्या केल्या. वर मुले अभ्यास करीत, खाली शिलाई चाले. झोपडपट्टीतही माणसाने पहिली ऐपत आली की माळा चढवला. खाली कामाचा गाळा, वर बिऱ्हाड, ही धारावीची नेहमीची रचना आहे. नव्या पुनर्वसन इमारतींत मात्र स्लॅब इतका खाली असतो की माळ्यावर बोचकी जातात, माणूस जात नाही. म्हणजे तीन जागांपैकी एक तिथे आधीच संपली.

उंबऱ्याबाहेरची जागा

पुन्हा शाळकरी भीमरावाकडे वळू. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळूसकर येत. मुलाचे वाचन त्यांच्या नजरेत भरले, ओळख झाली. पुढे मॅट्रिकच्या सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. डबक चाळीतल्या खोलीत केळूसकर कधी आले नसते. खोलीत जागा नव्हती म्हणून मुलगा बागेत गेला, आणि बागेत जागेबरोबर माणूसही मिळाला. उंबऱ्याबाहेरच्या जागेचा हा गुण पुढे लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शहरात चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीजवळच्या अशाच एका बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत आंबेडकर कुटुंब १९१२ ते १९३४ राहिले. परदेशातल्या सर्वोच्च पदव्या घेऊन परतलेल्या या माणसाने आपले सार्वजनिक काम खोल्यांबाहेर नेले. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्याच दामोदर हॉलमध्ये होती. पुढे हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले, ते ग्रंथसंग्रहाची गरज डोळ्यांसमोर ठेवून. स्वतःच्या कामाच्या मापाने घर बांधण्याची संधी एका असामान्य माणसाला वयाच्या चाळिशीत मिळाली. बाकीच्यांना ती मिळाली नाही, त्यांनी गॅलरी वापरली.

१९२०च्या दशकात विकास खात्याने, म्हणजे बीडीडीने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभारल्या. खोली १६० चौरस फुटांची, मजल्यावर वीस खोल्या, संडास सामाईक. मध्ये लांब बोळ. या बोळात आणि बाहेरच्या पटांगणात चाळीचे निम्मे आयुष्य गेले. निवडणे, टिपणे, वाळवणे, शिवणे, मुलांना शिकवणे, मंडळाच्या सभा, नाटकाच्या तालमी. खोली १६० फुटांची असली तरी घर तेवढेच नव्हते.

स्त्रियांच्या घरगुती उद्योगात याचा पुरावा सर्वांत ठळक मिळतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती खोलीत नव्हे, इमारतीच्या गच्चीवर. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात काम चार महिने थांबले, कारण वाळवण घालायला ऊन नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. गच्ची हातची गेली तेव्हा तिची जागा खाटेच्या मापात बसवावी लागली. याच उद्योगाचे पुढे ‘लिज्जत’ झाले. पीठ केंद्रावर मळायचे, भगिनींनी घरी नेऊन लाटायचे आणि सुकवून परत आणायचे, अशी तिची घडी बसली. जिच्या घरी लाटण्या-सुकवण्याइतकी स्वच्छ जागा नाही, तिला केंद्रावर पीठ मळणे, पाकिटे भरणे अशी कामे. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. घरातली जागा हे उत्पादनाचे साधन आहे, आणि ते सर्वांकडे सारखे नसते, हे एका सहकारी संस्थेने मान्य केले आणि त्याप्रमाणे काम वाटले.

खाणावळवाल्यांच्या बाबतीत हीच गोष्ट बँकांना पटवून द्यावी लागली. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. सावकाराकडून कर्ज काढून वाणसामान भरणाऱ्या या बायकांकडे दुकान नव्हते, परवाना नव्हता, तारण नव्हते. गिरणगावचे पोट त्यांच्या चुलीवर चालत होते. पण ती चूल घरात होती, म्हणून धंदा कुणाला दिसत नव्हता. पुरव यांनी त्यांचे गट करून, एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. खोली तीच राहिली, तिच्याकडे बघण्याची नजर बदलली.

झोपडपट्टीतली गल्लीही अशीच उंबऱ्याबाहेरची खोली होती. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे यांची अनेक वर्षे गेली. ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली १९५९ मध्ये, त्यांच्या तिथल्या वास्तव्याच्या काळात. ‘चिरागनगरची भुतं’ या संग्रहाच्या नावातच ती वस्ती आहे. या लेखकाच्या अभ्यासिकेला दार नव्हते. गल्लीचा आवाज घरात येत होता आणि कागदावरही आला.

माप काय मोजते

आता नियमांकडे येऊ. १९९१च्या झोपडपट्टी पुनर्विकास योजनेत घर १८० चौरस फुटांचे होते. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि माप २२५ झाले. २००८ मध्ये ते २६९ झाले, आणि २०३४च्या विकास नियमावलीत ३००. कागदावर पाहिले तर ही चढती भाजणी आहे. पण १९९५च्या योजनेतली शब्दरचना बारकाईने वाचावी. २२५ चौरस फुटांत बाल्कनी, न्हाणीघर आणि संडास धरलेले आहेत. सामाईक जागा वगळलेल्या आहेत. म्हणजे पूर्वी जे घराबाहेर होते ते आत आले आणि मापात मोजले गेले. आणि ज्या जागेवर काम चाले, तो ओटा, गल्ली, गॅलरी, पटांगण, ते मापाबाहेर राहिले. मोजायचेच नाही म्हटल्यावर ते द्यायचेही बंधन राहिले नाही.

नियमांना दुकान दिसते. रस्त्यालगत किराणा किंवा केशकर्तनालय चालवणाऱ्याला अनिवासी गाळा मिळू शकतो. पण दाराशी मशीन टाकून साडीला फॉल-पिको करणाऱ्या बाईची झोपडी कागदावर निवासीच असते. तिचे काम तिच्या घराबरोबर पाडले जाते, आणि भरपाई फक्त घराची होते.

न्हाणीघर आणि संडास घरात आले ही लहान गोष्ट नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. पहाटे अंधारात रांग लावलेल्या कुठल्याही बाईला विचारा. दार लावता येणे, पाणी घरात असणे, हे तिचे हक्काचे आहे. जुन्या गल्लीच्या आठवणीने गळा काढण्यात मला रस नाही. माझे म्हणणे एवढेच, की एक हक्क देताना दुसरा काढून घेतला गेला, आणि तो काढल्याची नोंदही झाली नाही.

माहुल

माहुल हे तुर्भ्याच्या खाडीकाठचे कोळी-आगरी वस्तीचे जुने गाव. कोळीवाड्यात आजही दारापुढच्या मोकळ्या जागेला घराइतकाच मान आहे. जाळी दुरुस्त करायची ती तिथे, मासळी वाळत घालायची ती तिथे. घराच्या चटईक्षेत्रावरून कोळ्याचा धंदा मोजायला गेले तर तो शून्य भरेल. गावाच्या आसपास १९५०च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले. बर्मा-शेलचा १९५५ साली सुरू झाला, तो पुढे भारत पेट्रोलियम झाला. मग खते, रसायने, वीज. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-अंबापाड्याच्या रहिवाशांना इथल्या हवेच्या प्रदूषणापासून आरोग्याचा धोका असल्याचे नमूद केले.

याच परिसरात प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारतींची वसाहत उभी होती. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशावरून हटवण्यात आल्या, आणि २०१७ पासून विद्याविहार, घाटकोपरकडची हजारो माणसे इथे आणली गेली. त्याविरुद्ध विद्याविहारच्या पदपथावर लोकांनी महिनोन्महिने धरणे धरले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, माहुल सोडू इच्छिणाऱ्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत रक्कम देण्याचा आदेश दिला. माहुलचा हा हवेचा आणि आरोग्याचा प्रश्न पुष्कळांनी मांडला आहे आणि तोच पहिला आहे. मी त्याला जोडून दुसरा मांडतो आहे, कामाचा.

जलवाहिनीलगतची झोपडी शंभर-दीडशे फुटांची असे. माहुलची सदनिका २२५ फुटांची. म्हणजे चटई वाढली. तरीही कामाची जागा का गेली? इमारतींमध्ये फिरताना तीन कारणे दिसतात. एक, इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. सुईत दोरा ओवायला, तांदूळ निवडायला, पोराने वही उघडायला उजेड लागतो. दोन, वास. कारखान्यांचा दर्प असतो तेव्हा खिडकी लावून घ्यावी लागते. खिडकी लावली की वाळवण नाही, आणि शिजवण्याच्या कामाला वारा नाही.

तिसरे कारण मला चौथ्या मजल्यावरच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितले. “मशीन ठेवायला इथं जागा आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण इथून जातंय कोण?” पाइपलाइनजवळ त्यांची मशीन दारात होती. नळावर जाणारी बाई साडी टाकून जाई, शाळेतून येणारी मुलगी ती घेऊन जाई. गल्ली ही त्यांच्या कामाची जागा होती तशीच दुकानाची पाटीही होती. माहुलला त्यांना साठ-सत्तर चौरस फूट जास्त मिळाले आणि गिऱ्हाईक गेले. घरकाम करणाऱ्या बायकांचेही तेच झाले. घाटकोपरच्या इमारतींत त्या चालत जात. माहुलहून बसने जायचे तर दोन कामे सोडावी लागतात. चर्नी रोडच्या बागेत जागेबरोबर माणूस मिळतो असे मी वर म्हटले, ते इथे उलट्या बाजूने खरे ठरते.

तरीही लोक थांबलेले नाहीत. लिफ्टसमोरच्या चौकात चटई टाकून दुपारी बायका कामाला बसतात; कुणी इमिटेशन दागिन्यांचे खडे चिकटवते, कुणी कपड्यांचे धागे कापते. खोलीत पलंगाच्या पायांखाली विटा ठेवून खाली मालाच्या गोणी सरकवल्या आहेत. मुले जिन्याच्या पायऱ्यांवर अभ्यास करतात, कारण तिथे महापालिकेचा दिवा असतो. चाळीची गॅलरी इमारतीच्या बोळात पुन्हा जन्माला येऊ पाहते आहे. पण हा बोळ आगीच्या वेळी वाट म्हणून ठेवलेला, अरुंद आणि अंधारा. तिथे मशीन ठेवली की शेजारी तक्रार करतात, आणि त्यांचेही चूक नसते.

एका रकान्याची मागणी

घर हे कामाचे ठिकाण आहे, असे कायद्याने कधीच मानले नाही असे नाही. १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने पाने-तंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानले. त्याच बळावर सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया लढल्या, आणि कुंभारी इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने त्यांच्या दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. तिथे आधी कामगार दिसला, मग घर आले. मुंबईत आधी झोपडी दिसते आणि कामगार दिसायचा राहतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

हे सारे आता लिहिण्याचे कारण आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. धारावीत सर्वेक्षण हाती घेण्यात आले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या शहरातली लाखो माणसे जमिनीवरून मजल्यांवर जातील. त्यांच्यासाठी किती चौरस फूट, यावर सभा होतील, मोर्चे निघतील, निवडणुका लढल्या जातील.

त्या चौरस फुटांच्या भांडणात माझी मागणी लहान आहे. सर्वेक्षणाच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: या घरात कोणते काम चालते, कोण करते, आणि त्यातले किती उंबऱ्याबाहेर चालते? हा रकाना भरला गेला तर मजल्यावर उजेडाची एक सामाईक खोली, वाळवणाला खुली गच्ची, तळमजल्यावर मशिनींचा चौक, रुंद गॅलरी या गोष्टी चैनीच्या राहणार नाहीत, हिशेबात येतील. माहुलला आणण्याआधी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना हा प्रश्न कुणी विचारला असता, तर त्यांचे उत्तर एका ओळीत मावले असते. दारात मशीन आहे, असे त्यांनी सांगितले असते.